मधला ह आणि मायारुन चाची

मायारुन चाचीच्या अंगाला आंबवलेल्या मासळीचा वास यायचा, हे आधीच सांगून टाकतो. तिच्याबद्दल पुढे इतकं चांगलं सांगायचं आहे की नंतर हे सांगायला माझी जीभ रेटायची नाही. पुंटी नावाचे चिमुकले मासे साफ करायचे, उन्हात वाळवायचे, तेल प्यायलेल्या मडक्यांत ठासून भरायचे, मडक्याचं तोंड चिखलानं लिंपायचं आणि चार महिने त्यांना विसरून जायचं, हा तिचा धंदा. त्यातून जे निघतं त्याला आम्ही हिदल म्हणतो. हिदलाची चटणी पानात पडली की आमच्या हिजलकांदी गावातला माणूस दुप्पट भात खातो, आणि जेवण झालं की चटणी करणारीपासून चार हात लांब बसतो.

चाचीला जाऊन आता नऊ वर्षं झाली. ती नावाड्याची लेक. सव्विसाव्या वर्षी तिचा नवरा श्रावणातल्या वादळात हावरात बुडाला. हावर म्हणजे आमचं सगळंच. सहा महिने ते भाताचं शेत असतं आणि सहा महिने समुद्र, आणि त्या समुद्रात मातीच्या उंचवट्यांवर आमची घरं. दीर म्हणाले, दुसरं लग्न कर. ती म्हणाली, आधी एवढी मडकी लिंपून होऊ देत. मडकी काही कधी लिंपून संपली नाहीत. मूलबाळ नव्हतं, लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आवाज असा की पलीकडच्या उंचवट्यावरचं कुत्रं उठून उभं राहायचं.

तिचा भाऊ विलायतेहून आला तेव्हा त्यानं एक टेपरेकॉर्डर आणला. महिनाभर गाणी ऐकून त्याला त्याचा कंटाळा आला. जाताना तो बहिणीकडे टाकून गेला. हे मी सांगतोय ते साधारण शहाऐंशी सालचं. तेव्हा गावात विलायतेला माणूस गेला नाही असं घर शोधावं लागे. पुरुष तिकडे हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत कांदे सोलत होते आणि बायका इकडे माझ्या पडवीत रांग लावत होत्या.

माझ्या, म्हणजे निकुंज मास्तराच्या. मी शाळेत भाषा शिकवायचो आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी गावाची पत्रं लिहायचो. अक्षर मोत्यासारखं. भाषा तर विचारू नका. बाई सांगायची, ‘त्यांना म्हणावं, धाकटीला दात आले.’ मी लिहायचो, ‘येथील सर्व मंडळी कुशल असून आपल्या कुशलतेची अहर्निश चिंता वाहत आहेत.’ वाचून दाखवलं की बाई पदर डोळ्याला लावायची. मला वाटायचं, भाषेनं गहिवरली. आता वाटतं, दातांचं राहून गेलं म्हणून रडत असेल.

माझं मोठं वैर होतं ते आमच्या बोलीशी, आणि त्यातही शब्दाच्या मधल्या ह शी. आमच्या तोंडात मधला ह टिकत नाही. पुस्तकात पहाड असतो, लोहा असतो. आमचा होतो पाड, आमचं होतं लोआ. पण तो नुसता गळून पडत नाही. जिथं ह होता तिथं आवाज पायरी चढल्यासारखा किंचित वर जातो आणि मग पुढं चालू लागतो. परक्या माणसाला तो चढ ऐकूही येत नाही. मला येत होता, कारण मी इथलाच. म्हणूनच मला त्याची जास्त लाज वाटायची. अकरा वर्षं मी पोरांना बाकावर उभं करून विचारत होतो, ‘ह कुठाय? ह कुठं ठेवून आलास?’

एकदा चाची शाळेपाशी हिदलाचं मडकं घेऊन आली आणि बाकावर उभे असलेले सातजण बघून थांबली. काय झालं विचारलं. मी सांगितलं. तिनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

‘मास्तर, ह हरवलेला नाय,’ ती म्हणाली. ‘वर गेलाय. तुमी आपले खाली शोधत बसलाय.’

पोरं हसली. मी म्हणालो, मग सापाला हाप आणि सुकटीला हुकटी म्हणता, तिथं नको असताना ह कुठून येतो?

‘मधला काढतो तो पुढं लावतो की. वाया कशाला घालवायचा?’

अशा बाईशी वाद घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी मडकं घेतलं आणि तिला वाटेला लावलं.

तर या बाईच्या हातात टेपरेकॉर्डर पडला. गावात इतरांकडेही ही यंत्रं होती आणि कॅसेटी विलायतेला जात होत्या; पण त्यांचं काय व्हायचं ते सांगतो. पाहुणा आला की आपण कपाटातल्या बश्या काढतो. तसं समोर ते यंत्र ठेवलं की आमच्या बायका कपाटातली भाषा काढायच्या. डोक्यावर पदर घ्यायच्या, ताठ बसायच्या, घसा खाकरायच्या आणि माझ्या पत्रासारखं बोलायच्या. सगळे ह जागच्या जागी. नवऱ्याला ‘आपण’ म्हणायच्या. तिकडे नवरा कॅसेट लावायचा, ऐकायचा आणि कुणीतरी परकी बाई आपल्या घराची खबर देतेय असं वाटून त्यावर पुढं गाणी भरायचा. हा गाढवपणा जगात आम्हीच करू जाणे, आणि तो आम्हाला मीच शिकवला होता.

चाचीनं ते बरोबर हेरलं. ती यंत्र मासळीच्या टोपलीत ठेवायची, वर फडकं, आणि त्याच्या लाल दिव्यावर विड्याच्या पानाचा तुकडा चिकटवायची. मग त्या बाईच्या दारात जाऊन बसायची आणि तिच्यापुढं मासे साफ करायला टाकायची किंवा सुपारी कातरायला द्यायची. ‘हाताला काम दिलं की तोंड खरं बोलतं,’ असं तिचं म्हणणं. अर्ध्या तासानं टोपली उचलायची आणि सांगून टाकायची, सगळं यात आलंय, पाठवू का नको बोल. न विचारता तिनं एकही कॅसेट पाठवली नाही. एकीनं सासूचा उद्धार केला होता. ती पाया पडायला लागली. चाचीनं तेवढ्या जागेवर कोंबडा भरला. त्या नवऱ्यानं नंतर कळवलं म्हणे, की कोंबडा फार चांगला होता.

कॅसेटींना हिदलाचा वास यायचा. तिकडचे पुरुष पाकीट उघडलं की आधी कॅसेट नाकाला लावायचे, मग ऐकायचे. हे मला एका परतलेल्यानं सांगितलं तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या पडवीतली रांग आटत चालली होती. चहाच्या दुकानात मी म्हणालो, आता पत्रव्यवहार मासळीबाजारातून होणार. कुणी हसलं नाही.

एक बाई मात्र माझ्याकडे येत राहिली. करफुल बिबी. चाचीच्या शेजारचं घर तिचं, वय सत्तरीच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू, एकटी आणि सोबत वीसेक बदकं. मुलगा ताहिर एकोणिसाव्या वर्षी विलायतेला गेला तो बारा वर्षांत परत आला नव्हता. सुरुवातीला यायचं काही ना काही पत्र, मग तेही थांबलं. त्या वर्षी वैशाखात करफुल बिबीच्या छातीत पाणी झालं. शहरातला डॉक्टर बाहेर येऊन मला हळूच म्हणाला, मुलगा असेल तर बोलवा, पुढचा हिवाळा त्या बघतील असं वाटत नाही. म्हातारीला ते न सांगताच कळलं होतं. तिचं मागणं एकच होतं. डोळे मिटायच्या आत पोराला एकदा समोर बसवून जेवू घालायचं.

मी पत्रं लिहिली. आधीची धरून चौदा. ‘आपल्या मातोश्री अत्यवस्थ असून आपण त्वरित यावे.’ करफुल बिबी सांगायची भलतंच. म्हणायची, लिही, की पांढऱ्या मानेच्या बदकीनं अकरा अंडी दिली. लिही, घाटाची तिसरी पायरी खचलीय. लिही, की मी रोज हाक मारते. मी म्हणायचो, बिबी, पत्रात असलं लिहीत नाहीत. ती मान हलवायची. मास्तर शिकलेला, त्याला जास्त कळणार.

हाकेचं खरं होतं. आमच्याकडे मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानेच्या थोडं आधी प्रत्येक आई घाटावर येऊन पोराला जेवायला हाक मारते, कारण पोरं बदकं घेऊन होडीतून हावरात लांब गेलेली असतात. पोरं विलायतेला गेली तशा आया हाक मारायच्या थांबल्या. करफुल बिबी थांबली नाही. बारा वर्षं, पाणी असो की शेत, रोज घाटावर यायची आणि पलीकडे पाण्यात उभ्या असलेल्या हिजलाच्या झाडांकडे तोंड करून ताहिरला जेवायला बोलवायची. काही लोक म्हणायचे, डोकं फिरलंय. डोकं ठिकाणावर होतं. कुणीतरी विचारलं तर म्हणाली, ‘हाक न मारता भात वाढला तर घशाखाली उतरत नाय.’

चौदाव्या पत्राचंही उत्तर आलं नाही तेव्हा चाची माझ्याकडे आली. गावातला मसब्बिर आषाढात विलायतेला निघाला होता. त्याच्या हाती कॅसेट द्यायची म्हणाली. मी म्हणालो, चांगली गोष्ट आहे, पण मजकूर माझा असेल. प्रसंग गंभीर आहे, मासे साफ करता करता बोलायचं काम नाही. ती म्हणाली, बरं.

मी मजकूर तयार केला. तीन दिवस करफुल बिबीकडून घोकून घेतला. चौथ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून शीतलपाटीच्या चटईवर बसली, मधे यंत्र, समोर मी, दाराशी चाची. म्हातारीनं सुरुवात केली. ‘प्राणप्रिय पुत्र ताहिर.’ मी सांगितलं होतं तसा नावातला ह तिनं मोठ्या कष्टानं उच्चारला. त्या एका ह ला तिचा सगळा श्वास लागला. पुढचं वाक्य तिला घेता येईना. ती खोकत राहिली, खोकल्याच्या मधून मला खुणेनं सांगत राहिली की थांब, म्हणते, म्हणते.

चाची उठली आणि तिनं यंत्र बंद केलं.

‘ही कोण बाई?’ तिनं मला विचारलं.

‘म्हणजे काय?’

‘पोरगा हिला ओळखायचा नाय. मीच ओळखली नाय.’

मी म्हणालो, अकरा वर्षं मी भाषा शिकवतोय. ती म्हणाली, ‘शिकवा की. पण तिला मरायच्या आधी कशाला शिकवता?’ करफुल बिबी दोघांच्या मधे बसून हात जोडत होती, भांडू नका म्हणत होती. मी छत्री उचलून निघालो आणि चिखलात घसरलो, त्यामुळे निघून जाण्याचा रुबाबही राहिला नाही.

पंधरा दिवसांनी चाची परत आली. पाकिटावर इंग्रजीत पत्ता घालून पाहिजे होता. तिच्या हातात यंत्रही होतं. पत्ता लिहायच्या आधी ऐका, म्हणाली. मी ऐकणार नव्हतो. तिनं बटण दाबलं.

आधी सुपारी कातरल्याचा आवाज. मग करफुल बिबी बदकांना शिव्या देत होती. पांढऱ्या मानेच्या बदकीची अकरा अंडी आली, त्यातली दोन मुंगसानं नेली तेही आलं. घाटाची तिसरी पायरी आली. म्हातारी कुणाशी काही विशेष बोलत नव्हती. मरणाचं नाव नव्हतं, ये नव्हतं, चिंता नव्हती. मी म्हणालो, यात मजकूर कुठाय? चाची म्हणाली, थांबा.

मग आवाज बदलला. सगळीकडे पाणी, होडीच्या फळीवर लाटांची थापटी, लांब कुठंतरी बदकं. बराच वेळ तेवढंच. आणि पाण्यावरून, लांबून, हाक आली.

ताइर. भात खायला ये रे, ताइर.

मधे ह नव्हता. जिथं तो हवा होता तिथं तिचा आवाज वर चढला होता, आणि तेवढाच चढ पाण्यावरून इकडे पोचत होता. बाकीचं नाव वाऱ्यानं अर्धं नेलं होतं. छातीत पाणी भरलेली ती बाई, जिला माझं एक वाक्य पेललं नव्हतं, ती हे नाव अर्धं हावर ओलांडून पाठवत होती. श्वास खर्च होईल असं त्या नावात तिनं काही ठेवलंच नव्हतं. मला माझी आई आठवली. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती आणि तिचा चेहरा मला नीट आठवत नव्हता, पण ‘निकुंज’ म्हणताना तिचा आवाज कुठं वाकायचा ते ऐकू आलं. मी रडलो. ज्या जागेसाठी अकरा वर्षं पोरांना बाकावर उभं केलं होतं ती जागा रिकामी नव्हती, हे मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच शरम वाटली.

मी विचारलं, हे घेतलं कुठून? ती म्हणाली, हिजलाच्या झाडांतून. पाच संध्याकाळी ती एकटी होडी वल्हवत पलीकडे जाऊन, मांडीवर यंत्र आणि वर छत्री धरून बसली होती. चार दिवस वारा उलटा होता. आणि हे ते हावर, ज्यात तिचा नवरा गेला होता. मासळी आणायलासुद्धा ती पावसाळ्यात तिकडे जायची नाही, दुसऱ्याला पाठवायची.

‘घाटावर उभं राहून घेतलं असतं तर?’ मी म्हणालो.

‘घाटावर ती ओरडते. हाक तिकडं होते,’ ती म्हणाली. ‘पोरगं जिथं ऐकायचं तिथनं घ्यायला पायजे ना.’

मी पत्ता लिहिला. आयुष्यात इतकं जपून काही लिहिलं नव्हतं. सोबत दोन ओळींची चिठ्ठी जोडू का विचारलं. ती म्हणाली, ‘नका, मास्तर. ओझं होईल.’ मला राग आला नाही.

आषाढ गेला, श्रावण गेला. काही कळलं नाही. भाद्रपदात करफुल बिबीनं अंथरूण धरलं आणि अकरा संध्याकाळी घाट मुका राहिला. तोपर्यंत त्या हाकेचं कुणाला काही वाटलं नसेल, पण त्या अकरा दिवसांत गावानं अजानेच्या आधी कान टवकारले आणि कुणाचंच जेवणात लक्ष लागेना. चहाच्या दुकानात कुणीतरी चाचीला म्हणालं, तुझ्याकडे तिच्या हाकेची एखादी कॅसेट राहिली असेल ना, लाव की घाटावर. चाचीनं त्याला जी शिवी दिली ती मी इथं लिहू शकत नाही. तिच्यात ह मात्र तीन होते, सगळे पुढं. बाराव्या दिवशी म्हातारी काठी टेकत पुन्हा घाटावर आली. आवाज निम्म्यावर आला होता. चाची रोज तिच्या मागं दोन पावलांवर उभी राहायची, पडलीच तर धरायला, पण हाक मारताना कधी तिला हात लावला नाही.

आश्विनाच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, भाड्याच्या होडीतून ताहिर उतरला. अंगात कोट, केस मागं गेलेले, एकतीस वर्षांचा माणूस चाळिशीचा दिसत होता. करफुल बिबीनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कानामागची खूण चाचपली आणि म्हणाली, वाळलास. नंतर ती भात टाकायला उठली. कुणाला हात लावू देईना. त्यानं समोर बसून हिदलाची चटणी आणि भात खाल्ला आणि तिनं न दिसणाऱ्या डोळ्यांनी प्रत्येक घास मोजला. मग दमून ती आडवी झाली.

आम्ही ओट्यावर बसलो. ताहिर, चाची आणि मी. मी विचारलंच. चौदा पत्रं लिहिली होती, त्यांचं काय झालं?

तो खाली बघत बोलला. पक्कं घर बांधायचं कबूल करून गेला होता. ज्या हॉटेलात भागीदार झाला ते बुडालं. मग कुठल्या तोंडानं यायचं? पत्र आलं की वाटायचं कचेरीचा कागद आलाय, तिसऱ्यानंतर त्यानं फोडलीच नाहीत. सगळी ठेवलीत, मास्तर, टाकली नाय, असं त्यानं मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं. कॅसेट त्यानं कामावर, तळघरात लावली होती. आजूबाजूला सहाजण कांदे सोलत होते. हाक आली तेव्हा सहांचे हात थांबले. एकजण तर उठूनच उभा राहिला.

‘तुमच्या पत्रात ये, ये होतं,’ ताहिर म्हणाला. ‘त्याला नाय म्हणता येतं. टेपमधे भात झाला होता. त्याला कसं नाय म्हणायचं?’

चाची पान लावत होती. तिनं पहिला विडा मला दिला, हेही सांगायला पाहिजे.

करफुल बिबी फाल्गुनात गेली. डॉक्टरचा हिवाळा तिनं सगळा बघितला आणि वर आंब्याचा मोहरही बघितला. ताहिर शेवटपर्यंत होता. मी शाळेत त्यानंतरही ह शिकवला, कारण परीक्षेत तो लागतो. पण बाकावर पुन्हा कुणाला उभं केलं नाही. मायारुन चाचीनं पुढं दहा वर्षं कॅसेटी केल्या, मग फोन आले आणि तिनं यंत्र फडक्यात गुंडाळून मडक्यांच्या फळीवर ठेवलं. लोक तिला कलावंत वगैरे म्हणाले नाहीत. मी म्हणतो. इतक्या बारीक कानाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी स्वतःला भाषेचा जाणकार समजत होतो.

पण मला सांगायची आहे ती ताहिर आला त्याच दिवशीची संध्याकाळ. आम्ही ओट्यावर बसलेलोच होतो. ऊन उतरलं. आत करफुल बिबी जागी झाली, काठी चाचपडली आणि आमच्या अंगावरून, आमच्याकडे न बघता, घाटाकडे निघाली. पोरगा आलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुपारी तिनंच त्याला जेवू घातलं होतं. पण वेळ झाली होती आणि पाय निघाले होते. ती वरच्या पायरीवर उभी राहिली आणि हिजलाकडे तोंड करून तिनं हाक मारली.

ताहिर ओट्यावरून ओ द्यायला तोंड उघडत होता. चाचीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘इथनं नाय,’ ती हळू म्हणाली. ‘तिनं हाक तिकडं मारलीय. मागच्या दारानं जा. माझी होडी बांधलीय.’

त्यानं कोट काढला, बूट काढले आणि मागच्या दारानं गेला. करफुल बिबीनं दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. इतर दिवशी ती तीनदा मारून परत फिरायची. त्या दिवशी ती तशीच उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून. चाचीचं यंत्र तिच्या टोपलीत होतं. मी खुणेनं विचारलं, चालू करतेस? तिनं मान हलवली, नाही.

मग झाडांतून, पाण्यावरून, उत्तर आलं.

‘आलो गं माई.’

होडी दिसायला बराच वेळ लागला. वल्ह्याची सवय मोडली होती, ती दोनदा वाकडी झाली. करफुल बिबीला होडी दिसत नव्हती, पण वल्ह्याच्या आवाजाबरोबर तिचं तोंड हळूहळू वळत होतं. होडी घाटाला लागली आणि त्यानं पाण्यात पाय टाकला.

‘तिसऱ्या पायरीला जप,’ ती म्हणाली. ‘किती वेळ लावलास. भात गार झाला.’